मागच्या वर्षीची रेघ

मित्रांनो, मैदानावरच्या पांढऱ्या रेषेला पाय लावून तुम्ही वाकता, शिट्टी झाली की सुसाट सुटता. पण त्या रेषेकडं कधी नीट बघितलंय का कुणी? ती मी मारते! पोचे पडलेली, एका चाकाची, म्हातारी फक्कीची गाडी. मैदान आखायची पांढरी पूड असते ना, ती फक्की. ती माझ्या पोटात भरायची, दांडा धरून मला ढकलायचं, की माझ्यामागं रेघ उमटत जाते. काम एवढंसंच. पण एवढ्याशा कामात मी एका पोरीचं केवढं नुकसान करून ठेवलं, ते आज सांगणार आहे. पोटातली फक्की झटकता येते, ही गोष्ट काही झटकली जात नाही.

माझा जन्म सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, सिद्धप्पा मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. तेलाच्या डब्याचा पत्रा, भंगारात आलेल्या मागाची एक दांडी आणि कुणाच्या तरी लहान मुलाच्या सायकलचं चाक, एवढ्यावर मी उभी राहिले. मला न्यायला आमच्या कॉलेजातले बिरप्पामामा आले होते. मैदानाची सगळी देखभाल त्यांच्याकडं. सिद्धप्पांनी माझं चाक फिरवून दाखवलं.

"बिरप्पा, हिची एक गिरकी म्हणजे सव्वा मीटर. बरोब्बर! तीनशे वीस गिरक्या झाल्या की चारशे मीटरची फेरी. तुझी टेप हरवली तरी ही पोरगी चुकायची नाही."

"पोरगी म्हनताय आन् नाकात नथ न्हाय?" मामा म्हणाले. मग सिद्धप्पांनी हसत हसत माझ्या पुढच्या पत्र्यावर नथ म्हणून लाल रंगाचा एक ठिपका दिला.

मला काय वाटलं म्हणून सांगू! मला मोजता येतं! कॉलेजातल्या कितीतरी पोरांना येत नव्हतं तेवढं मला येत होतं.

आमचं कॉलेज मोहोळच्या रस्त्याला आहे. मैदान लाल मुरमाचं, कडेला कडुलिंबाची झाडं, आणि उन्हाळ्यात असं तापतं की बूट काढून उभं राहायची कुणाची छाती होत नाही. तेव्हा जिमखाना शहाजी सरांकडं होता. दरवर्षी ते लोखंडी टेप काढायचे, खुंट्या ठोकायचे, सुतळी ओढायचे आणि मगच मला बाहेर काढायचे. मामा म्हणायचे, "गाडे, चल की. ऊन व्हायच्या आत उरकायचं हाय." मी तीनशे वीस गिरक्या घ्यायचे आणि जिथून निघाले तिथंच येऊन पोचायचे. किती छान दिवस होते ते!

मग सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी विजयमाला मॅडम आल्या. मॅडम एकदम कडक, आवाज असा की मोहोळची एसटीसुद्धा थांबावी. त्याच वर्षी मैदानाच्या वरच्या वाकणाजवळ दुचाक्यांसाठी शेड बांधायचं काम निघालं. खडी आणि वाळूचे ढीग थेट आमच्या ट्रॅकवर येऊन पडले.

"मामा, एवढ्या वर्षापुरती रेघ आतून घ्या," मॅडम म्हणाल्या.

मामांनी घेतली. त्या दिवशी मी फेरी मारली आणि दोनशे शहाण्णव गिरक्यांतच परत आले. चोवीस गिरक्या कमी! म्हणजे तीस मीटर. मला कळलं, मित्रांनो. त्याच क्षणी कळलं. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. माझ्या चाकाचा आस तेव्हा दुखायला लागला होता. म्हटलं, चला, काम हलकं झालं, आणि वर्षापुरतंच तर आहे.

पुढच्या वर्षी खडी गेली, वाळू गेली, शेडही वाकणापासून लांबच राहिली. रस्ता पूर्ण मोकळा होता. मामांनी विचारलंसुद्धा, "मॅडम, टेप काडू का?"

"अहो मामा, उद्या स्पर्धा आहेत! मागच्या वर्षीची रेघ अजून दिसतीय की. तिच्यावरनंच न्या."

न्या म्हटलं आणि नेली. त्याच्या पुढच्या वर्षी त्या रेघेवरून पुन्हा. मामांचा हात तसा देखणा, अंधुक रेघेवरून नवी रेघ एक बोट इकडं तिकडं जायची नाही. चूक काढायला जागाच नव्हती.

आणि मग महेश्वरी आली.

महेश्वरी अक्कलकोटची. तिचे वडील, चनबसप्पा अप्पा, यांचं मठाच्या वाटेवर नारळ-उदबत्तीचं दुकान. ती इथं हॉस्टेलवर राहायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची. पळताना श्वास मोजायची, कन्नडमध्ये. "वंदु, एरडु, मूरु..." मी मैदानाच्या कडेला माझ्या पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी असायचे, तेव्हा तिचे आकडे ऐकायचे. मलाही मोजायची सवय, तिलाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिची शर्यत आठशे मीटरची, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या.

त्या वेळी आमचं कॉलेज विद्यापीठाच्या ब गटात होतं. त्यात सगळी आमच्यासारखी छोटी कॉलेजं. कुणाचा ट्रॅक शेताच्या बांधाला चिकटलेला, कुणाच्या ट्रॅकच्या मधोमध हातपंप! तिथं फेऱ्या मोजायचे, मीटर कुणी मोजत नव्हतं. महेश्वरी सगळीकडं पहिली. आमच्या मैदानावर तिची वेळ आली दोन मिनिटं अठरा सेकंद. मॅडमनी ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. त्या वर्षी ब गटाची ढाल आम्हाला मिळाली. मामांनी मला झेंडूची माळ घातली. आणि नियम असा, की ब गटात पहिला येणारा पुढच्या वर्षी अ गटात जातो.

अ गट म्हणजे मोठी कॉलेजं! लाल रबरी ट्रॅक! मी काही तिथं गेले नाही, पण पोरी परत आल्या की माझ्या खोलीच्या पायरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बोलायच्या, तेव्हा मला सगळं कळायचं. पूनम नावाची शंभर मीटर पळणारी पोरगी होती, महेश्वरीची जिवाची मैत्रीण.

"अगं, त्यांचा स्वतःचा तंबू होता," पूनम सांगत होती. "पाय चोळून द्यायला वेगळी बाई! आणि माझ्या शेजारची पोरगी एवढी पुढं होती की मला वाटलं ती आधीच्या शर्यतीतली राहिलीय."

सगळ्या हसल्या. त्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो. बाकीच्या मुली हरल्या, त्यात माझा काही हात नव्हता. समोरच्या खरंच भारी होत्या. मोठ्या गटात गेल्यावर पहिली वर्षं अशीच जातात, असं मॅडमही म्हणाल्या. सराव वाढवला, पहाटेच्या फेऱ्या वाढवल्या, पूनमची वेळ हळूहळू सुधारलीसुद्धा.

फक्त महेश्वरीचं कोडं सुटेना. तिथं तिची वेळ होती दोन मिनिटं एकतीस. परत इथं पळवलं, तर पुन्हा दोन अठरा.

"तेरा सेकंद जातात कुठं गं तुझे?" मॅडमनी विचारलं. "इथं वाघीण, आणि तिथं गेलं की शेळी?"

"घाबरत न्हाई मी, मॅडम," महेश्वरी म्हणाली.

"मग काय वाटेत चहा पितेस?"

पोरी हसल्या. महेश्वरी पण हसली, उशिरा.

पुढचं वर्ष तिचं बी.ए.चं शेवटचं. एका सकाळी ती पूनमला म्हणाली, "अप्पा म्हणालेत, ह्या वेळी विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर एम.ए.ला सोलापुरातच राहा, पळ काय पळायचं ते. न्हाई लागलं तर परीक्षा झाल्यावर घरी यायचं, दुकान बघायचं."

"लागणार की! चार जणींना घेतात."

"अय्यो, त्या चारात यायला हवं ना पण."

त्या वर्षी ती किती पळाली! दिवाळीतही घरी गेली नाही. मामा तिला बघून म्हणायचे, "पोरी, जरा दम खा की. मैदान कुटं पळून जातंय व्हय?" ती मात्र माझ्या रेघेच्या अगदी कडेनं, एक पाऊल बाहेर न टाकता पळत राहायची. तिचा माझ्यावर विश्वास होता. फेरीमागून फेरी, शेकडो फेऱ्या, प्रत्येक फेरी तीस मीटर कमी. आणि मी आपली दारात उभी, ठिपका लावून.

निवड चाचणीच्या दिवशी संध्याकाळी मुली परत आल्या.  मामांनी पूनमला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं?"

"मामा, शेवटच्या वाकणातनं बाहेर आली तेव्हा दुसरी होती ती. दुसरी! आम्ही ओरडून ओरडून घसा बसवला. आणि मग समोरच्या सरळ पट्टीवर काय झालं कुणास ठाऊक. फक्त साठ मीटर राहिले होते, आणि कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखे पायच थांबले तिचे. चौघी पुढनं निघून गेल्या. सहावी आली."

साठ मीटर! मित्रांनो, माझ्या अंगावरचा रंग उडाला असता, उरला असता तर. एका फेरीला चोवीस गिरक्या, दोन फेऱ्यांना अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस गिरक्या म्हणजे साठ मीटर. तिनं आपला सगळा जोर अगदी बरोबर वाटून वापरला होता. जिथं शर्यत संपते असं तिच्या पायांना तीन वर्षं मी शिकवलं, तिथंच तिचे पाय संपले.

मॅडम आल्या. त्या दमल्या होत्या, चिडल्या होत्या, त्यांचाही जीव होता तिच्यावर. पण तोंडातून निघायचं ते निघालंच. "पाय आहेत गं तुला, महेश्वरी. काळीज नाही."

 महेश्वरीनं कॉलेजचे खिळ्यांचे बूट पुसले, आत येऊन माझ्या झाकणावर जोडीनं ठेवले आणि गेली. परीक्षेनंतर तिची ट्रंक घेऊन अप्पा अक्कलकोटच्या बसमध्ये चढले, एवढं मामांकडून कळलं.

जूनमध्ये एक पाहुणे आले. पुढच्या वर्षी काही स्पर्धा आमच्याकडं भरवायच्या होत्या, म्हणून विद्यापीठानं मैदान तपासायला पाठवलेले. त्यांनी पिशवीतून टेप काढली. मामांनी एक टोक धरलं. पाहुण्यांनी एकदा मोजलं, कपाळ पुसलं, आणि पुन्हा मोजलं.

"मॅडम, हा तीनशे सत्तरचा ट्रॅक आहे. तुम्ही ह्याला चारशे म्हणून पळवता?"

मॅडम आधी हसल्या. मग टेपवर वाकल्या. आणि मग त्या मुरमावर, साडीचा विचार न करता, मटकन खालीच बसल्या.

"माज्या हातानं मारली की रेघ," मामा म्हणाले. "दर साली. माज्याच हातानं."

"नाही मामा. टेप काढू का म्हणून तुम्ही विचारलं होतं मला."

 मग तिथंच बसून त्यांनी फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आला. मागं देवळाची घंटा वाजत होती आणि कुणीतरी नारळाचा भाव विचारत होतं. मॅडमनी सगळं सांगितलं. तीनशे सत्तर, दोन फेऱ्या, साठ मीटर. काही लपवलं नाही. 

"महेश्वरी? ऐकतेस ना? चुकलं गं माझं."

"मॅडम," ती म्हणाली, "म्हणजे मी घाबरत नव्हते?"

"नव्हतीस."

"एकदा पण न्हाई?"

"एकदाही नाही, बाळा."

 मग ती म्हणाली, "हे अप्पांना सांगा ना. मी त्यांना सांगितलं होतं की मी घाबरले म्हणून. मला पण तसंच वाटत होतं." मॅडमनी विचारलं, परत येतेस का, अजून वेळ गेलेली नाही, मी अप्पांशी बोलते. तर म्हणाली, "आता दुकानात मीच असते, मॅडम. अप्पांचं गुडघ्याचं चाललंय. पळणं सुटलं माझं. पण तुम्ही सांगा त्यांना. आत्ताच देते फोन."

मॅडमनी अप्पांना सांगितलं. उभं राहून सांगितलं.

नंतर मामांनी ती रेघ खराट्यानं पुसली, पाणी मारलं, पुन्हा पुसली. इतकी वर्षं मुरून बसलेली, लवकर जाईना. नवा ट्रॅक खुंट्या ठोकून, टेप लावून आखला. त्यासाठी रंगाची नवी गाडी आली आहे, दोन चाकांची. मी आता खोलीत असते. पावसाळ्यात माझ्या पोटातली उरलेली फक्की दगडासारखी घट्ट झाली आणि आस गंजला. पूनम कधीकधी येऊन तेलाचा थेंब सोडते, तेवढं चाक फिरतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी गाडी असेल. काम झालं की तिचं पोट रिकामं करा, तिला कोरड्या जागी ठेवा. पण त्याहून मोठं एक मागणं आहे माझं. कुणी मुलगी मागं पडली, तर तिला काही म्हणण्याआधी टेप काढा. दोघांनी दोन टोकं धरायची, अर्धा तास लागतो. भित्री म्हणायला अर्धा सेकंदही लागत नाही, म्हणून तर ते आधी म्हटलं जातं. आणि तिला ते खरं वाटतं, मित्रांनो. महेश्वरीला वाटलं होतं.