चार नंबरचा टीव्ही, सात नंबरची परभणी

मी एक जुना टीव्ही आहे. मला चार लाकडी पाय, दोन सरकती दारे, पाच बटणे आणि एक मोठी चकती आहे. चकतीवर अकरा आकडे आहेत, दोनपासून बारापर्यंत. चकतीच्या मागे, माझ्या पोटात, एक छोटा फिरता ड्रम आहे आणि त्यात प्रत्येक आकड्यासाठी एक घर आहे. घरे अकरा, त्यांतली दहा रिकामी. मित्रांनो, त्या रिकाम्या घरांची खबर मला जन्मापासून होती, पण टीव्हीला दुसऱ्याचे बोलणे ऐकवता येते, स्वतःचे सांगता येत नाही.

माझा जन्म १९७६ सालचा. कारखान्यात एका बाईने चिमट्याने माझ्या चौथ्या घरात बोटभर लांबीची एक पट्टी बसवली. पट्टीवर तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी होती. ज्या घरात पट्टी असेल त्याच नंबरचे केंद्र मला दिसणार, बाकीच्यांना मी ठार बहिरा. पण मला जायचे होते मुंबईला आणि मुंबईचे केंद्र होते चार नंबरवर. मग आणखी पट्ट्या हव्यात कशाला?

रंगनाथ नावाच्या रेल्वे कामगाराने मला परळच्या क्वार्टरमध्ये नेले. तिथली माझी वर्षे मोठ्या मानाची. क्रिकेटच्या सामन्याला दारात चपलांचा ढीग पडे. पाहुणे म्हणत, "काय चित्र आहे हो, आरशासारखं!" माझी चकती कुणी कधी फिरवली नाही, फिरवायची गरजच नव्हती. पुढे रंगीत टीव्ही आले. रंगनाथनेही एक आणला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझी दारे बंद झाली, डोक्यावर विणलेला रुमाल आला आणि रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. तीन वर्षे मी टेबल होतो.

१९८६ च्या जानेवारीत मानवतहून रंगनाथच्या बहिणीचे, केशरबाईचे पत्र आले आणि माझे नशीब पालटले. केशरबाईची मुलगी यशोधरा परभणीच्या कॉलेजात शिकत होती. एनसीसीच्या मुलींमधून तिची दिल्लीच्या संचलनासाठी निवड झाली होती. सव्वीस जानेवारीला देशभर टीव्हीवर ती दिसणार होती. पत्राचे शेवटचे वाक्य रंगनाथने दोनदा मोठ्याने वाचले: "रंगा, तुझा जुना डबा पडून असेल तर घेऊन ये."

बावीस तारखेला मी मानवत रोड स्टेशनवर उतरलो. केशरबाईचा नवरा सूर्यभान कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. त्याने मला एकट्याने खांद्यावर घेतले.

"दाजी, जपून, काच हाय," रंगनाथ म्हणाला.

"दीड मणाचं कापसाचं बोंद्रं उचलतो मी रोज. ह्यो तर पोरगा हाय."

घरी पोहोचल्यावर मला कळले की मानवतमध्ये टीव्ही नव्हते असे नाही. व्यंकटराव आडत्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता आणि रस्त्यावरच्या खिडकीतून तो कुणीही बघावा, त्यांची ना नव्हती. वस्तीतल्या बायका तशाच बघत. शेजारची सुलाबाई म्हणालीही, "केशर, कशाला एवढा खटाटोप? जाऊ की खिडकीला."

केशरबाईने पदर खोचला. "माझी लेक दिल्लीत ताठ मानेनं चालणार, आन मी टाचा वर करून खिडकीतून बघू? न्हाई जमायचं. माझ्या घरात, खाली बसून बघीन."

मग तिने यशोधराचे पत्र काढले. ते तिने सुलाबाईच्या मुलीकडून इतक्यांदा वाचून घेतले होते की तिला ते पाठ होते. "आई, आमच्या तुकडीत माझी ओळ चौथी. उंच म्हणून मला उजव्या कडेला घेतलंय. सलामीला सगळ्यांच्या माना उजवीकडं वळतात. तवा मी तुझ्याकडंच बघणार हाय."

मित्रांनो, हे ऐकून माझी काच तापली! मला तिला सांगायचे होते, बाई, मी दाखवीन. पण रंगनाथने चकती चारवर ठेवून मला सुरू केले आणि माझ्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. काळ्या, पांढऱ्या, लाखो मुंग्या.

"चारवरच हाय ना?" सूर्यभानने विचारले.

"चारच. दूरदर्शन म्हंजे चार. दहा वर्षं बघायलोय मी."

तेवढ्यात बन्सीधर आला. हा गावातल्या विहिरींवर पंपाचे पाइप बसवायचा. त्याने मुंबईहून आणलेला अँटेना पाहिला, बांबू पाहिला आणि निकाल दिला, "उंची कमी पडायली. पाणी लागंना तर आमी पाइप खाली सोडतो. चित्र लागंना तर वर सोडायचा. लय सोपं हाय, वैनी."

त्याने वीस फुटी लोखंडी पाइप उभा केला. मुंग्या. त्याला दुसरा वीस फुटी जोडला. मुंग्या. तारा ताणून बांधल्या, अँटेना चारी दिशांना फिरवला. वरून बन्सीधर ओरडे, "आलं का?" आणि खालून सगळी वस्ती ओरडे, "न्हाई!" दोन दिवस हेच चालले. चोवीस तारखेला बन्सीधर आणखी वीस फूट आणायला निघाला, तेव्हा सुलाबाई म्हणाली, "अरे, अजून चढवलास तर दिल्ली तशीच दिसंल. टीव्ही कशाला लागतोय?"

सगळे हसले. केशरबाई हसली नाही. ती माझ्यासमोर बसून मुंग्यांत बघत होती. मी डबा ठरत चाललो होतो आणि दोष कुठे आहे ते फक्त मला माहीत होते.

पंचवीस तारखेला शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर हायस्कूलच्या विज्ञानाच्या सुमनबाई आल्या. वय तेवीस, नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या. यशोधरा त्यांच्या ओळखीची. त्यांनी अँटेनाकडे पाहिलेच नाही. त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझी चकती फिरवली. टक्. दोन. टक्. तीन. प्रत्येक आकड्यावर थांबून कान लावला, वहीत लिहिले.

"रंगनाथभाऊ, चारवर आवाज जाड येतो. बाकी दहांवर सारखाच बारीक. तुम्ही चार सोडून कुठला नंबर कधी लावलात?"

"कशाला लावू? चारवर दिसतंय की सगळं."

"मुंबईचं. परभणीचं केंद्र चारवर आहे हे कुणी सांगितलं?"

रंगनाथ चकतीवरचे आकडे पहिल्यांदाच वाचू लागला. मला वाटले, आता ही मुलगी माझे पोट उघडणार! आणि तिने उघडले. प्लग काढला, थोडा वेळ थांबली, मागचे सहा स्क्रू सोडले, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि मोठ्याने मोजले. "एक घर भरलेलं. दहा रिकामी." ती मान वर करून म्हणाली, "हा टीव्ही बिघडलेला नाही हो. ह्याला फक्त मुंबई ऐकू येते!"

दुपारच्या यष्टीने सुमनबाई, सूर्यभान आणि मी पट्टी शोधायला परभणीला निघालो. माझे चारही पाय काढले होते आणि मी सूर्यभानच्या मांडीवर होतो. कंडक्टर म्हणाला, "लगेज टपावर." सूर्यभान म्हणाला, "ह्यो लगेज न्हाई, पेशंट हाय." तरी लगेजचे तिकीट फाडलेच.

परभणीत एका मोठ्या दुकानाच्या काचेआड सहा टीव्ही चालू होते. सुमनबाई नाक काचेला लावून उभ्या राहिल्या. "सहाच्या सहा चकत्या सातवर," त्या म्हणाल्या. "परभणी सात नंबरवर आहे. आपल्याला सातची पट्टी हवी."

सातची पट्टी नव्या दुकानांत कुठेच नव्हती. शेवटी स्टेशनजवळ किशनरावांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान सापडले. जाड चष्म्याच्या किशनरावांनी मला थोपटले. "अरे व्वा, ड्रमवाला! आता कोन वापरतंय ह्यो?" त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. "मोडीतल्या टीव्हींच्या पट्ट्या हायत. नंबर पुसलेत. बसली तर बसली."

डब्यात सतरा पट्ट्या निघाल्या. नऊ माझ्या ड्रममध्ये बसेनात. राहिल्या आठ. किशनराव एकेक पट्टी माझ्या सातव्या घरात बसवत आणि दुकानाच्या अँटेनाला मला जोडत. पहिली, मुंग्या. दुसरी, मुंग्या. तिसरीला नुसती तिरप्या रेघांची जाळी. चौथी, पाचवी, पुन्हा मुंग्या. बाहेर मानवतची यष्टी लागल्याचा पुकारा ऐकून कुणीतरी धावत गेले. सूर्यभान उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

सहावी पट्टी आत गेली आणि माझ्या काचेवर एक माणूस उभा राहिला! कोट घातलेला, केस विंचरलेला, बोलणारा माणूस! तीन वर्षांत मी पहिल्यांदा चेहरा दाखवला होता. सूर्यभान एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरचे दोन रिक्षावाले धावत आले.

किशनराव चष्मा पुसत म्हणाले, "आनंद मागून. अँटेना कुठला हाय तुमचा?"

"मुंबईचा," सुमनबाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी वही काढली, भागाकार केला. "म्हणजे तोही चारचा. सातच्या लहरींची लांबी चारच्या सुमारे एक तृतीयांश. अँटेनाच्या नळ्या आता दोनशे वीस सेंटिमीटर असतील. चौऱ्याहत्तर हव्यात."

सव्वीसला सकाळी सुमनबाईंना शाळेत झेंडावंदनाला जायचे होते. "बन्सीभाऊ, चौऱ्याहत्तर," असे बजावून त्या गेल्या. बन्सीधरला आधीच राग आला होता. "दोन दिस चढवलं, आता कापा म्हनं." पण त्याने अँटेना उतरवला आणि करवतीने नळ्या कापल्या. मधली वळवलेली नळीही कापून टोके पुन्हा जोडली. नऊ वाजता सुमनबाई आल्या, तेव्हा माझ्या पडद्यावर मुंग्या आणि मुंग्यांमागे भुतासारखी काहीतरी हालचाल.

सुमनबाईंनी अँटेना खाली घ्यायला लावला आणि मोजपट्टीने नळी मोजली. "बन्सीभाऊ! एकशे अठ्ठ्याऐंशी?"

"चौऱ्याहत्तर म्हनलात, चौऱ्याहत्तर कापलं." बन्सीधरने खिशातली टेप दाखवली. टेप इंचांची होती. मानवतचा एकही पाइप आजवर सेंटिमीटरमध्ये कापला गेला नव्हता.

"एकोणतीस इंच!" सुमनबाई ओरडल्या. "नळ्यांमधलं अंतरही त्याच हिशेबानं कमी. साडेनऊला सुरू होतंय!"

मग काय धावपळ उडाली, मित्रांनो! सूर्यभानने नळी धरली, बन्सीधरने करवत चालवली, रंगनाथने टोके जोडली. नऊ सव्वीसला अँटेना वर गेला.

"पूर्वेला!" सुमनबाई म्हणाल्या. "उंची कमी करू नका. परभणी अठ्ठावीस किलोमीटर आहे, तुमचे चाळीस फूट लागणारच."

"बघा," बन्सीधर वरून म्हणाला, "म्हनलोच हुतो मी. आलं का?"

"आलं!" सगळी वस्ती ओरडली.

आले होते. रस्ता, घोडे, झेंडे. मुंग्या होत्या, पण थोड्या. केशरबाई घडी केलेल्या गोधडीवर, माझ्यापासून दोन हातांवर बसली. घरात एकोणतीस माणसे होती. तेवढ्यात दाराशी व्यंकटरावांची बायको बायनाबाई येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत ती आजवर कधी आली नव्हती.

"आमच्याकडं रंगीत हाय," ती अवघडून म्हणाली. "पन त्यात यशोधरा कोनची ते आमाला कोन सांगनार?"

"आत या, वैनी," केशरबाई म्हणाली. "भाईर हुभं राहून काय दिसतंय?" आणि तिने गोधडीवर सरकून जागा केली. बायनाबाई आत येऊन बसली.

एनसीसीच्या मुली आल्या. पहिली ओळ, दुसरी. मी सगळा जीव त्या सातव्या घरात गोळा केला. तिसरी. मग आज्ञा झाली आणि सगळ्या माना एकदम उजवीकडे वळल्या. चौथ्या ओळीच्या कडेला एक उंच मुलगी सरळ माझ्या काचेतून घरात बघत होती. केशरबाईने हात पुढे केला, पण काचेला लावला नाही.

"बघितलं तिनं," ती म्हणाली.

आता मी त्याच हायस्कूलच्या प्रयोगशाळेत असतो. सुमनबाई दरवर्षी माझे झाकण उघडून मुलांना अकरा घरे मोजायला लावतात. नऊ रिकामी, दोन भरलेली. मित्रांनो, एखादे यंत्र गप्प बसले की त्याला डबा म्हणू नका आणि खांब वाढवत बसू नका. आधी ते काय ऐकण्यासाठी बनले आहे ते विचारा, झाकण उघडा, मोजा. आमच्यावर धूळ साचू देऊ नका. कुणाची तरी लेक आमच्यातून घरी येणार असते.

सुमनबाईंची ती वही माझ्या डोक्यावरच ठेवलेली असते, फुलदाणीच्या जागी. तिच्यातली सव्वीस जानेवारी १९८६ ची नोंद अशी:

चॅनेल ७. नळी ७४ सें.मी. उंची ४० फूट. दिशा पूर्व. यशोधरा, चौथी ओळ, उजवीकडून पहिली: सहा सेकंद.