खोकून दाखवा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फलक होता: 'एकही हर्निया परत आलेला नाही!' त्याखाली सर्जनसाहेब, लोकांच्या भाषेत 'सोन्याचा हात'. त्या हाताला स्पर्श करायला झुंबड उडाली होती. एका आजोबांनी आपला दुखरा गुडघाही लावून घेतला. चष्म्याचा नंबरही उतरतो का, अशी चौकशी चालू होती.

"टाके काढताना पेशंट झोपवायचा, पोटावरून हात फिरवायचा. गाठ? गायब!" साहेब गरजले. टाळ्या.

माझ्या बाबांनी वाजवल्या नाहीत. कपाटं वाहणारा धट्टाकट्टा माणूस, पण एक हात कायम खिशात, जांघेवर दाबलेला. याच साहेबांकडे हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि गाठ परत आली होती.

"बाबा, सांगा ना साहेबांना."

"गप रे. रिसेप्शनवाली म्हणाली, गॅस आहे. आणि एवढा मोठा विक्रम मी मोडू?"

"आतडं अडकलं तर विक्रम येणार आहे सोडवायला?"

मी आजूबाजूला पाहिलं. निम्मं सभागृह एक हात खिशात घालून बसलं होतं. थंडी तर नव्हती.

पाहुण्या म्हणून आलेल्या दुसऱ्या दवाखान्याच्या सर्जनबाई उठल्या. "अभिनंदन! आता ऑपरेशन झालेले सगळे उभे राहा. दोन्ही हात वर. खोका."

सभागृह खोकलं. वर गेलेले कितीतरी हात झटकन खाली आले, थेट जांघेवर.

"गॅस आहे तो!" साहेब ओरडले.

"सामुदायिक?" बाईंनी विचारलं. "अहो, झोपलं की गाठ आपसूक आत जाते. तुम्ही झोपवूनच बघता, पुन्हा बोलवत नाही, तक्रार करणाऱ्याला हाकलता. मग फलकावर दुसरं काय येणार?"

"तुमच्या पेशंटांचे नाही येत परत?"

"येतात ना, काहींचे. वर्षाने बोलावते, उभं करून तपासते, न येणाऱ्याला फोन करते. म्हणून तर किती ते छातीठोक सांगते."

बाबांनी खिशातला हात काढला आणि सरळ व्यासपीठ गाठलं. "साहेब, माझी गाठ परत आलीय. मला मोजा."

"नंतर भेटा."

"मोजल्याशिवाय मी उतरत नाही. आणि मला उचलायला माणसं बोलवाल, तर त्यांच्याही गाठी बाहेर येतील, तुमचाच धंदा वाढेल."

बरे झालेले टाळ्या वाजवणारच, मंडळी. न झालेल्यांना कुणी विचारलं का, एवढं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.