बारसं आठवत नाही म्हणून

वलगावात वच्छलाबाईच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. लेक मंजुषा पाच महिन्यांच्या पोराला पाजत बसली होती. बाळंतपणानंतर तिनं अन्नपाणी सोडलं होतं, दोनदा विहिरीवरून ओढून आणली. अकोल्याच्या दवाखान्यात गुंगी देऊन डोक्याला शॉक दिले, तेव्हा कुठं तिनं भाकर मागितली. डॉक्टरीणबाईनं सासरच्यांसमोर सांगितलं होतं, "मधले काही महिने पुसट होतील. बरंचसं परत येतं, काही येत नाही." सासरच्यांनी 'शॉक' हा शब्द तेवढा ऐकला.

त्या दुपारी मूर्तिजापूरहून जीप आली. सासरा खुशालराव, नवरा गोपाल, नणंद चंदा आणि जातीतली चार माणसं. सून शहाणी की वेडी, हे आपल्याकडे डॉक्टर ठरवत नाही. सतरंजीवर बसलेली चार माणसं ठरवतात.

चंदानं विचारलं, "वैनी, बारशात लेकरू कोणाच्या मांडीवर होतं? सांग या लोकायले."

दाराआडून वच्छलाबाई खुणा करत होती. मंजुषानं पाहिल्या, पण खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"आठवत नाही. मायनं सांगतलं तेवढंच माहीत हाये."

"घ्या! पोटच्या पोराचं बारसं इसरली. उद्या पोरगं कुठी ठेवलं तेही इसरन!"

वच्छलाबाई बाहेर येऊन व्याह्यांसमोर उभी राहिली. "इवाई, तुमाले गुंगी देऊन पोट कापलं होतं ना? तवा काय काय झालं, सांगा बरं चार माणसांत! तिची आठवण गेली, अक्कल नाही गेली."

एकजण हसला. खुशालराव उखडले, "ईनबाई, पोटाचं येगळं, डोक्याचं येगळं. लेकरू आमी नेतो."

"जावईबापू, तुमी तरी बोला!"

गोपाल सतरंजीचा धागा ओढत राहिला. दवाखान्यात 'काहीबी करा, पण हिले वाचवा' म्हणून रडला होता तो हाच. चौघांनी माना डोलावल्या. चंदानं पोराला उचललं.

मंजुषा ओरडली नाही. ओरडली असती तर तेही वेडच ठरलं असतं. ती एवढंच म्हणाली, "चंदाताई, थो एकाच बाजूनं पेला वं अजून."

जीप वळली. दुसऱ्या बाजूनं तिचं झंपर भिजत गेलं आणि ती पदर न सावरता रस्त्याकडे बघत बसली.

बायांनो, ती चार माणसं आभाळातून पडली नव्हती. आपल्याच घरची होती. आज त्यांना ताट वाढाल, तेव्हा विचारा, मान का डोलावली.