रंधा आणि चार माणसं

टिकाराम वाढईचा उजवा खांदा दोन पावसाळ्यांपासून दुखत होता. कारध्यातल्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहून त्यानं हाताच्या रंध्यानं सागाच्या चौकटी घासल्या, पाळणे घासले, देव्हारे घासले. आता फळीवर रंधा ढकलला की कळ थेट मानेत चढायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता हा खांदा जड ओझ्याला लावाल, तर ताटातला घासही उचलायचा नाही." म्हणून ब्याऐंशीच्या फाल्गुनात तो रंध्याची मशीन पाहायला नागपूरला गेला.

दुकानात दोन होत्या. एक नवी, हिरव्या रंगाची, दोघांनी सहज उचलावी अशी. पण ती फळीची नुसती एक बाजू सपाट करणारी. दुसरी जुनी, काळपट, ओतीव लोखंडाची. तिच्या पाठीवरून फळी सरळ करून घ्यायची आणि मग तीच फळी पोटातून काढली की पलीकडून सारख्या जाडीची होऊन निघायची. टिकारामनं तिच्या पाट्यावरून तळवा फिरवला. गावच्या बोडीतल्या, त्या लहानशा तळ्यातल्या, पहाटेच्या पाण्यासारखा थंड आणि निवांत.

"हिला उचलायला पहिलवान लागतील, भाऊ," दुकानदार म्हणाला.

"लागू द्या. हलकी मशीन थरथरते. ते थरथरली का फळीवर लहरा उमटते."

तुमसरला जाणाऱ्या ट्रकनं ती भंडाऱ्याच्या नाक्यापर्यंत आणली. तिथून पुढं गावातल्या खुशालची बैलगाडी. मशीन गाडीत चढली तशा बैलांच्या माना खाली गेल्या. पुलाच्या अलीकडं भोजराज दूधवाला रिकाम्या कॅना वाजवत सायकलवरून गावाकडं निघालेला दिसला. टिकाराम सकाळपासून उपाशी होता, उन्हानं जीभ टाळूला चिकटली होती. पुरं वाक्य काही तोंडातून निघेना.

"भोजराज! वहिनीले सांगजो गा, रंधा... चार माणसं!"

भोजराजनं मागं न पाहताच हात हलवला.

पुलाखाली वैनगंगा वाळूत अंग टाकून पडली होती. बैल पाऊल टाकत, थांबत, पुन्हा टाकत. टिकाराम मागून चालत होता, हात मशीनवर ठेवून. हात तिला आधार द्यायला होता की घ्यायला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अंगणात गाडी लागली, पण माणूस एक नाही. चुलीचा धूर मात्र भरपूर. त्याची बायको चंद्रकला पदराला हात पुसत बाहेर आली.

"पाव्हने कुठी हायेत?"

"कोनते पाव्हने?"

"भोजराज भाऊजी सांगून गेले नं, रांधा, चार माणसं. तवापासून रांधूनच राहिली मी. भात झाला, वरन झालं, वांगे झाले."

टिकाराम गाडीच्या चाकाला टेकला. "रांधा नाही वो. रंधा! उतरवाले माणसं पाहून ठेव, असा निरोप होता."

"मंग पुरं बोलावं नं मानसानं! तोंडात काय भुसा भरला होता?"

खुशाल हसून हसून वाकला. "वहिनी, भात टाका हिच्या पोटात. पल्याडून सारख्या जाडीच्या पोळ्या निंगते."

पण हसणं लवकर विरलं. अर्धा गाव वरातीला गेला होता. बैलांच्या तोंडाला फेस आला होता आणि एवढं ओझं वर असताना ते सोडताही येत नव्हते. चंद्रकला तशीच गल्लीत गेली. वरातीला न गेलेला सुखराम तिला सापडला आणि आंघोळीला बसलेल्या भोजराजला तिनं ओलाच उठवून आणलं. खुशाल धरून तिघं झाले. गाडीपासून जमिनीपर्यंत दोन जाड लाकडी बल्ल्या तिरप्या लावल्या. खालून दोघांनी सावरायचं, वरून दोघांनी दोर धरून हळूहळू सोडायचं.

टिकारामनं धोतर आवळलं आणि दोर हातात घेतला.

चंद्रकलेनं तो ओढूनच घेतला. "बाजूले व्हा तुमी."

"लय भारी हाय वो."

"धानाचं पोतं कोनाच्या डोस्क्यावरून येते घरी? तुमचा खांदा गेला तं मशीन का मी चालवू?"

तिनं लुगडं खोचलं, गाडीवर चढली, टाच फळीला रोवली. दोर ताणला गेला. आणि जात्यावर बसावं तशी तिच्या गळ्यातून आपोआप ओवी निघाली:

*हळूच ये वो बाई, उंबरा हाय मातीचा,*
*नोको मांगू हिसाब दमल्या या हाताचा...*

ओळीच्या एकेका थांब्याला मशीन एकेक वीत खाली सरकली. टिकाराम रिकाम्या हातांनी उभा होता. आयुष्यभर लाकूड उचललेल्या माणसाला नुसतं उभं राहणं जमेना. त्याचे हात हवेतच उघडमीट करत होते. "हळू... हळू..." एवढंच तो म्हणत राहिला.

मशीन जमिनीला टेकली. कोंबड्या उडाल्या, बैलांनी माना झटकल्या. कुठं काही तुटलं नव्हतं.

चंद्रकला खाली उतरली. तिच्या तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. टिकारामनं ते पाहिले. आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी आणली आणि तिच्यापुढं बसला.

"भात निवून राहिला," ती म्हणाली.

"निवू दे." त्यानं तिचा हात ओढून मांडीवर घेतला.