आंब्याच्या फळीवरची सवारी

पद्मा देवधरला सुतारकामाचा नाद लागला तो उत्तरेत, चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत आल्यावर. नवरा बाळकृष्ण रेल्वेत इंजिनियर. बंगल्याला गॅरेज होतं, पण गाडी नव्हती. मग काय, बाईंनी तिथं आपला कारखाना थाटला.

चौऱ्याण्णव सालच्या वादळात कॉलनीतला जुना आंबा आडवा झाला. ज्यानं ते खोड लिलावात घेतलं, त्याच्या मागे लागून पद्मानं एक अखंड फळी कापून आणली. चांगली दोन हात रुंद! जेवायचं टेबल करायचं होतं. पण वाळता वाळता फळीला असा पीळ पडला, की एक कोपरा खाली दाबला की दुसरा टुणकन वर.

रविवारी बाळकृष्ण रूळ तपासतात तसा पोटावर झोपला आणि एक डोळा मिटून फळीकडे बघत म्हणाला, "अशा रुळावरून मी मालगाडीसुद्धा सोडणार नाही."

"नका सोडू. उठा आणि रंधा ओढा."

उंचवट्यांवर खडूनं खुणा करत दोघांनी फळी आडवीतिडवी रंधली. गुडघाभर ढलप्या साठल्या. पीळ गेला, पण रंध्याचे ओरखडे राहिले. हातानं घासून घासून खांदे भरून आले. तेव्हा पद्मानं एका पाटाच्या तळाला पॉलिश पेपर चिकटवला आणि दोन्हीकडे दोर बांधले. पाट फळीवर ठेवून दोर ओढले, तर तो नुसताच टणाटण उडायला लागला.

"वजन चाहिए," कॉलेजात जाणारी श्रुती म्हणाली. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. "आई, आप ही बैठ जाओ न!"

पद्मानं साडी सावरली आणि बसली. एकीकडून नवरा, दुसरीकडून लेक. खर्रर्र! पाट गेला, आला, गेला. तिच्या तोंडातून किंकाळी फुटली.

"अहो, हळू! नाही, नाही, जोरात!"

तेवढ्यात दारात शेजारच्या प्रतिमा मिश्रा उभ्या. कन्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका. त्यांना हसताना कॉलनीत कुणी पाहिलं नव्हतं. "भाभीजी, ये कैसा शोर..."

बाळकृष्ण दचकला आणि त्यानं दोराला हिसका दिला. पद्मा पाटावरून उडाली ती थेट ढलप्यांच्या ढिगात.

 मग ढिगातून कुरळ्या ढलप्यांचा टोप घातलेलं डोकं वर आलं, आणि पद्मा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटली. श्रुती भिंतीला टेकली. बाळकृष्ण तर खालीच बसला.

प्रतिमाजींनी चष्मा काढला, पुसला आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "हम भी बैठें?"

त्या बसल्या. पहिल्या खेपेला ताठ, दुसऱ्या खेपेला पाट घट्ट धरून, आणि तिसऱ्या खेपेला "और तेज, देवधर साहब!" असं ओरडत. खोकल्यासारखं सुरू झालेलं त्यांचं हसू पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

उन्हं कलली तेव्हा चौघंही पिवळ्या भुश्शानं माखलेली होती. पद्मानं ओलं फडकं फिरवलं, तशा लाकडात दडलेल्या मधाच्या रंगाच्या लाटा वर आल्या.  तिनं तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कुठंही अडला नाही.

"झालं?" बाळकृष्णानं आशेनं विचारलं.

"छे! अजून बारीक पेपरचा हात राहिलाय."

प्रतिमाजींनी लगेच पदर खोचला. "तो पहले हम बैठेंगे."