गंभीर श्रेणीसाठी दोन फोटो

त्याच्या स्टुडिओतून चौतीस वर्षांत एकही माणूस स्वतःचा चेहरा घेऊन बाहेर पडला नव्हता. नाकं सरळ होऊन गेली, देवीचे व्रण बुजून गेले, दुहेरी हनुवट्या एकेरी होऊन गेल्या. लग्नासाठी फोटो काढायला आलेली मुलगी स्वतःचा फोटो हातात धरून बघतच राहायची. ‘मी अशी दिसते?’ असं तिने विचारलं की हा शांतपणे म्हणायचा, ‘अशाच दिसता. आरसे हलके निघतात हल्ली.’ गल्लीत त्याला तोंडावर टचिंगकाका म्हणत आणि माघारी नुसतं टचिंग.

टचिंगकाकाचं सर्वात जुनं गिऱ्हाईक म्हणजे त्याची बायको. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तो तिला त्याच मखमली खुर्चीत बसवून एक फोटो काढत असे. बाहेरच्या खोलीत असे सव्वीस फोटो ओळीने टांगलेले होते आणि त्या सव्वीस वर्षांत बाईंचं वय फार तर तीन वर्षांनी वाढलेलं होतं. घरात आरसा होता, पण तो नवऱ्याच्या दाढीपुरता, मोरीच्या वर, तिच्या डोक्याच्याही वर. तिचं काही अडलं नव्हतं. भांग सरळ आहे का हे बोटांना कळतं, आणि बाकी आपण कशा दिसतो ते भिंतीवर होतंच.

अकरा वर्षांपूर्वी तिचं गर्भाशय काढलं तेव्हा तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. त्यातल्या एका बाटलीत रक्ताबरोबर कुणाचा तरी आजारही होता. रुग्णालयाने त्या वर्षी तपासणीच्या खर्चात काटकसर केली होती आणि त्याबद्दल अधीक्षकांचा सत्कारही झाला होता. बाधा झालेली माणसं निघाली एकशे बारा. चौकशी नऊ वर्षं चालली. तेवढ्या काळात चौकशी करणारे दोघे निवृत्त झाले, एक वारले आणि बाधितांपैकी एकोणीस जणांनी फार वाट पाहिली नाही. उरलेल्यांना सरसकट सारखी भरपाई मिळाली, सोबत एक पत्र, ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल’. ते पैसे दीड वर्षाच्या औषधांत गेले.

आता डॉक्टर म्हणत होते की यकृतच बदलायला हवं. बदललं तर बाई जगतील, नाही बदललं तर वर्षभर. शस्त्रक्रियेचा खर्च स्टुडिओ, कॅमेरे आणि मखमली खुर्ची विकूनही निघाला नसता. अशात वाढीव भरपाई जाहीर झाली. जे ‘गंभीर श्रेणी’त बसतील त्यांच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च सरकारचं भरपाई कार्यालय करणार होतं.

ही बातमी मेव्हण्याने आणली. बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट. दुसऱ्याच्या दुखण्याचे अर्ज भरण्यात त्याची हयात गेली होती.

‘दाजी, सगळं फोटोवर आहे,’ तो म्हणाला. ‘रिपोर्ट त्यांना चालत नाहीत.’

‘का?’

‘रिपोर्ट त्याच रुग्णालयाचे ना. ज्यांनी रोग दिला त्यांच्या सहीवर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरलंय. म्हणून अर्जदाराची सद्यस्थिती दिसेल असा फोटो. स्टुडिओतला, मागे शिक्का मारलेला. मोबाईलचा नको. आणि दाजी, एक सांगू का? तुम्ही काढू नका.’

‘मग कोण काढणार?’

‘पुलाजवळ तो नवा झालाय. तो इतका वाईट काढतो की चांगला माणूसही गंभीर श्रेणीत जाईल.’

टचिंगकाकाने चहाचा कप खाली ठेवला. ‘माझी बायको पुलाजवळच्या माणसापुढे जाऊन बसणार? उद्या गिऱ्हाइकं काय म्हणतील? ह्याच्या घरचेच ह्याच्याकडे येत नाहीत?’

‘गिऱ्हाइकांचं बघायचं की ताईचं?’

‘तू गप रे,’ आतून बाईच म्हणाल्या. ‘त्या माणसाने शेजारणीला म्हशीसारखं काढलंय.’

विषय संपला.

फोटो काढायच्या दिवशी टचिंगकाकाने मनाशी पक्कं ठरवलं होतं की काही करायचं नाही. जसं आहे तसं. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि दिवे लावले. मग एक दिवा जरा जवळ आला, कारण नाकाची सावली ओठावर पडत होती आणि ते बघवत नव्हतं. मग उजेड मऊ करणारी छत्री उघडली गेली. ‘हनुवटी थोडी वर,’ तो म्हणाला, आणि बाईंनी सव्वीस वर्षांच्या सवयीने हनुवटी वर केली, मान डावीकडे झुकवली आणि ओठ न उघडता हसल्या. नंतर संगणकासमोर बसल्यावर त्याने फक्त डोळ्यांचा पिवळेपणा काढला. एवढ्या पिवळ्या डोळ्यांचा फोटो स्टुडिओच्या शिक्क्याखाली गेला असता तर रंग बिघडलाय असंच कुणीही म्हणालं असतं. डोळे पांढरे झाल्यावर गाल फार आत गेलेले दिसायला लागले, म्हणून तेही थोडे. मग मान.

‘एवढी बरी दिसते मी अजून?’ बाईंनी विचारलं.

‘मग काय तर,’ तो म्हणाला. एक जादा प्रत काढून घेऊन तिने पर्समध्ये ठेवली.

बारा दिवसांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं की छायाचित्रात अर्जदार प्रसन्न व सुदृढ दिसतात. एकदाच अपील करता येईल, नव्या छायाचित्रासह, आठवड्याच्या आत.

मेव्हण्याने ते पत्र मोठ्याने वाचलं आणि टेबलावर आपटलं. बाईंनी ते उचललं, चष्मा लावून पुन्हा वाचलं.

‘सुदृढ लिहिलंय,’ त्या म्हणाल्या.

‘ताई, ही वाईट बातमी आहे.’

‘ते कळलं रे मला.’ पण त्यांनी पत्राची घडी जरा हळुवारच घातली.

मेव्हणा मग दाजींकडे वळला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. ‘दाजी, तुम्ही तिला मारणार आहात. हसत हसत, हनुवटी वर करून.’

हे वाक्य टचिंगकाकाला लागलं. दोन दिवस त्याने स्टुडिओ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाला, ‘चल. काही खाऊ नकोस.’

या वेळी मखमली खुर्ची बाजूला सरकवली गेली. पासपोर्ट फोटोचं लाकडी स्टूल आलं. छत्र्या मिटल्या. त्याने एकच बल्ब घेतला आणि बरोबर तिच्या डोक्यावर टांगला, म्हणजे डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतील. मागे हिरवा पडदा सोडला, कारण हिरव्यापुढे पिवळं उठून दिसतं. हे सगळं त्याला माहीत होतं. चौतीस वर्षं तो जे टाळत आला होता ते त्याला इतरांपेक्षा जास्त पाठ होतं.

‘केस ओले कर.’

‘कशाला?’

‘कर. आणि दात काढ.’

बाईंचे समोरचे चार दात बसवलेले होते. नवऱ्याखेरीज ते कुणाला ठाऊक नव्हतं, भावालाही नाही. त्यांनी पाठ करून ते काढले आणि रुमालात गुंडाळले.

‘तोंड मिटू नको. सैल सोड. खांदे पाड. अजून. अगं, अजून पाड. तुला काही होत नाही का कुठे? दुखत नाही?’

‘दुखतं की.’

‘मग ते दिसू दे ना. अकरा वर्षं लपवत आलीस, आज नको लपवू.’

तिने खांदे पाडले. त्याने बल्ब चार बोटं पुढे घेतला आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. गळ्याची प्रत्येक शीर दिसत होती. कातडी जुन्या कागदासारखी दिसत होती. टचिंग नाही, काही नाही, नुसता उजेड. इतकं चोख काम आपल्या हातून कधी झालं नाही हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘छान. अगदी छान. असंच राहा.’

बाई तशाच राहिल्या.

हा फोटो तिला दाखवायचा नाही असं दाजी-मेव्हण्यांत ठरलं. मेव्हण्याने तो पाकिटातून अर्धाच बाहेर काढून पाहिला, परत आत सरकवला आणि बराच वेळ सिगारेट शोधत राहिला. ‘आता जमलं,’ एवढंच म्हणाला.

पाच दिवसांनी बोलावणं आलं. अर्जदाराने समक्ष हजर राहावं.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. यकृताच्या रोग्यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर असावं आणि लिफ्ट बंद असावी, यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जागा तेवढीच मिळाली होती. मेव्हणा जिन्यात तीन वेळा बजावून चुकला होता, ‘ताई, थकल्यासारखी दिस.’ पण बाहेर जायचं, चार लोकांत बसायचं, म्हणून ताईने पावडर लावली होती, ओठांना किंचित रंग लावला होता आणि दात घातले होते.

छाननी अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. टेबलावर काच, काचेखाली परिपत्रकं, बाजूला अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. डोक्यावर चार ट्यूबलाईट. अशा उजेडात कुणीच धड जिवंत किंवा धड मेलेलं दिसत नाही. त्यांनी बाईंना समोर बसवलं, दोघा पुरुषांना मागच्या बाकावर. मग फाईलमधून दोन फोटो काढले आणि काचेवर शेजारी शेजारी ठेवले.

‘हे दोन्ही एकाच स्टुडिओचे. मध्ये सतरा दिवस. सतरा दिवसांत माणूस एवढा उतरत नाही. बरं, उतरला म्हणू, तर आज तुम्ही परत चढलेल्या दिसताय.’

‘आज मॅडम जरा बरा दिवस आहे,’ मेव्हणा मागून म्हणाला.

‘तुम्हाला विचारलं नाही.’ अधिकारी बाईंनी बिस्किट उचललं. ‘माझं काही म्हणणं नाही. मला यकृतातलं कळत नाही, मला सही कळते. यातला खरा फोटो कोणता, ते अर्जदाराने सांगायचं आणि त्याच्या मागे सही करायची. दुसऱ्यावर केलीत तर मी आजच मंजुरीला पाठवते, महिन्याभरात शस्त्रक्रिया. पहिल्यावर केलीत तर फाईल बंद. सोपं आहे.’

इतकं सोपं काम सरकारी टेबलावर क्वचितच निघतं. मेव्हण्याने बाकावर सुटकेचा श्वास सोडला. टचिंगकाकाने पेन काढून बायकोच्या हातात दिलं.

बाईंनी चष्मा लावला. पहिला फोटो त्यांना पाठ होता. दुसऱ्यावर त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. तोंड उघडं, हिरड्या दिसताहेत, ओले केस कवटीला चिकटलेले, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. हाताचं बोट त्यांनी फोटोतल्या तोंडापर्यंत नेलं, पण टेकवलं नाही.

‘ही कोण?’ त्यांनी विचारलं.

‘ताई,’ मेव्हणा म्हणाला, ‘सही कर.’

‘नाही, कोण आहे ही?’ त्या वळल्या, आणि प्रश्न भावाला नव्हताच. ‘तुम्हाला मी अशी दिसते?’

टचिंगकाकाला या प्रश्नाचं उत्तर धंद्यात पाठ होतं. गेली चौतीस वर्षं तो ते रोज देत होता. पण ‘अशाच दिसता’ हे इथे म्हणता येत नव्हतं, आणि दुसरं त्याला येत नव्हतं. तो म्हणाला, ‘अगं, उजेड तसा लावला होता.’

‘म्हणजे लावता येतो.’

‘कामासाठी.’

‘आणि छान म्हणालात.’

अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. ‘घरचं घरी बोला हो. सही.’

बाईंनी पहिला फोटो पालथा केला, स्टुडिओच्या शिक्क्याखाली सावकाश, पूर्ण नावाची, वळणदार सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

‘ही मी,’ त्या म्हणाल्या.

‘ताई, अगं काय केलंस.’ मेव्हणा उठून उभा राहिला. ‘मॅडम, ती गोंधळलीय, तिचा चष्मा जुना आहे.’

‘माझा चष्मा चांगला आहे.’

‘अर्जदाराने स्वेच्छेने ओळख पटवली,’ अधिकारी बाई लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाल्या, आणि शिक्का उमटला. फाईल बंद व्हायला शिक्क्याच्या आवाजाएवढाच वेळ लागला.

‘तो दुसरा फोटो द्या,’ बाई म्हणाल्या. ‘माझा नाहीये तर इथे कशाला?’

‘नाही देता येत. दफ्तरी राहतो. तीस वर्षं.’

‘कुणी बघेल?’

‘कुणी मागितला तर दाखवावा लागतो. पुढेमागे अभ्यासाला वगैरे येतात लोक.’ अधिकारी बाईंनी तो फोटो उचलला, हात लांब करून जरा दूर धरला. ‘पण काम आहे हं हे. आमच्याकडे एवढे फोटो येतात, असा एकही नाही. कुणी काढलाय?’

‘मी,’ टचिंगकाका म्हणाला.

त्याने आवाज खाली ठेवला होता. तरी त्यात जे होतं ते सगळ्यांना ऐकू आलं.

बाई उठल्या. उठताना त्यांनी आधारासाठी भावाचा दंड धरला, नवऱ्याकडून पर्स तेवढी घेतली आणि निघाल्या. टचिंगकाकाला थांबावं लागलं, कारण फाईल बंद झाल्याच्या पोचपावतीवर कुणीतरी सही करायची होती.

तो बाहेर आला तेव्हा ती दोघं जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबलेली होती. ती पायरीवर टेकून बसली होती. जिन्याला वर छतात एकच काच होती आणि दुपारचा उजेड तिथून सरळ खाली, तिच्या डोक्यावर पडत होता. चढताना आलेल्या घामाने आणि रुमालाने पावडर कधीच गेली होती. त्याची चाहूल लागली तशी तिने मान वर केली आणि धाप लागल्यामुळे तोंड उघडलं.

तो वरच्या पायरीवर कठडा धरून उभा राहिला. त्या दुसऱ्या फोटोत त्याने काहीही वाढवलं नव्हतं.

‘हनुवटी,’ त्याच्या तोंडात आलं होतं, ‘हनुवटी थोडी वर’. पण तेवढ्यात मेव्हण्याने तिला उठवलं.