तांडेलाचा हुकूम

मित्रांनो, देवघराखालच्या खणात कापराच्या डबीशेजारी पडून असलेली मी चिपळ्यांची एक जुनी जोडी. नागपूरच्या एका सुताराने मला शिसवीतून घडवले आणि भैय्याजींनी मला भिलाईला आणले. एरवी ते कारखान्यात कारकून. गणपतीत, रामनवमीला मात्र फेटा बांधून कीर्तनाला उभे राहत.

त्यांचे लाडके आख्यान मराठ्यांच्या आरमाराचे. गलबत वादळात सापडते, तेव्हा साधा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, सुभेदारालाच हुकूम देतो आणि सारे वाचतात. तिथे मी अशी वाजे, की बायका डोळ्यांना पदर लावत.

त्यांची नात अनुजा याच तांडेलाच्या पुढच्या कथा रचून मोबाइलवर टाकू लागली. त्यासाठी तिने आरमारातली पदे धुंडाळली. सर्वांत वर सरखेल, त्याच्या हाताखाली सुभेदार; तांडेल कितीतरी खाली.

"आजोबा, सुभेदाराले हुकूम द्यायची तांडेलाची रँकच नाही. वाचणारे हसून राहिले मले."

"मंग मी इतके वर्षं गादीवरून खोटं सांगून राहिलो काय?"

"तसं नाही न म्हटलं मी. स्टोरी तो मस्त है."

भैय्याजी हसले नाहीत. नारदाच्या गादीवरून खोटे बोलायचे नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी ते आख्यानच सोडले. पुढेही मी वाजले, पण त्यांचा हात जड झाला होता.

पुढल्या गणपतीत कीर्तन संपल्यावर त्यांचे थोरले भाऊ शेषराव काठी टेकत आले आणि वाकून धाकट्याच्या पाया पडले.

"मोठे आजोबा, तुम्ही कावून पाया पडता?" अनुजाने विचारले.

"घरी मी मोठा, पोरी. कानही पिळतो त्याचा. पण गळ्यात हार अन् पाय गादीवर, तोवर तो मोठा."

अनुजाला तिचा सुभेदार सापडला. पद त्याचेच; पण वादळात तो तांडेलापुढे मान झुकवतो. तिने तशी कथा लिहिली. आजोबांच्या वाढदिवसाला वाचून दाखवू, म्हणून कुणाला सांगितली नाही.

वाढदिवसाच्या आधीच भैय्याजी गेले. आपले आख्यान खोटे नव्हते, हे ऐकायचे राहूनच गेले.

वर्षश्राद्धाला अनुजाने ती कथा त्यांच्या फोटोपुढे वाचली. तांडेलाच्या हुकुमापाशी तिने मला उचलले. माझ्या पितळी चकत्या काळवंडल्या होत्या. मी नुसती खटखटले. भैय्याजींच्या पत्नी शीलाआजींनी डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, मला कधीमधी पुसा, तेलाचे बोट लावा. मी पुन्हा वाजेन. पण दुखावलेल्या माणसाला 'तुमचंच खरं होतं' हे सांगायला सणवार पाहू नका. फोटोला ऐकू येते की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या हातात होते, तेव्हा त्यांना माझी एवढीशी खटही ऐकू येई.